काळ्या पट्टीतला धाकटा

त्या घरात एक नियम होता, आणि तो देवाधर्माचा नव्हता, दुकानाचा होता. जिवंत माणसाच्या फोटोला सोनेरी पट्टी, गेलेल्याच्या फोटोला काळी. खाली फोटोंच्या चौकटी करायचं दुकान, वर घर, मधे लोखंडी जिना. आजा चौकटवाला, बाप चौकटवाला. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की बाप आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा, मग फोटोकडे, आणि काही न विचारता पट्टी काढून ठेवायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा तेवढी गफलत झाली. एका बाईच्या नवऱ्याला काळी पट्टी ठोकली आणि चौकट न्यायला तो नवराच दारात उभा. "मला एवढी घाई नव्हती," म्हणाला बिचारा. बापाने हात जोडले, पट्टी बदलून दिली, आणि घरी येऊन हसून हसून त्याला ठसका लागला.

ही गोष्ट त्या घरातल्या पोरांनी इतक्यांदा ऐकली होती की काळी-सोनेरी त्यांच्या हाडात मुरली होती. म्हणून इतक्या वर्षांनी धाकटा जिना चढून वर आला आणि समोरच्या भिंतीकडे त्याने पाहिलं, तेव्हा चंदनाचा हार त्याला मागाहून दिसला. आधी दिसली पट्टी. बापाचा फोटो काळ्या पट्टीत. ते त्याला ठाऊक होतं, मनाची तयारी करूनच तो आला होता. पण बापाशेजारी तशाच काळ्या पट्टीत, तेवढाच मोठा, दाट केसांचा, हनुवटी वर केलेला एक तरणा मुलगा होता. तो मुलगा म्हणजे तो स्वतः होता.

हातातली बॅग त्याने खाली ठेवली नाही. तसाच उभा राहिला. विजेचा झटका बसलेला माणूस तार सोडू शकत नाही, तसं झालं त्याचं.

हा धाकटा परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, तेलाने काळे हात करून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं. लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं दार बडवतात. हा बाहेरून शांतपणे सांगतो, "मी इथेच आहे. कशाला हात लावू नका. श्वास घ्या." हे वाक्य त्याने त्या परक्या भाषेत इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतसुद्धा म्हणायचा. तिथलीच एक बायको केली, ती धोबीखान्यात कपडे इस्त्री करायची, पुढे तिने स्वतःचा धोबीखाना घातला. दोघांच्या घरात ना देव्हारा ना पोथी. रविवारी उशिरा उठायचं, हा एकच धर्म दोघं नेमाने पाळत.

तो घर सोडून गेला तो भांडूनच. आजोबा वारले होते. दहाव्याला बापाने सांगितलं, सदरा काढ आणि माझ्याशेजारी बस. धाकट्याने सदरा काढला नाही. "ही कावळ्यांची पंगत आहे, मला यात बसवू नका," म्हणाला. चार लोक ऐकत होते. बाप ओरडला नाही, तो ओरडणाऱ्यातला नव्हताच. त्याने एवढंच विचारलं, "मग आमच्यामागे आम्हाला पाणी कोण देणार?"

"थोरला देईल. मी मेलो असं समजा."

रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो. कुणी म्हणतं, पुन्हा तोंड बघणार नाही, आणि संध्याकाळी जेवायला येतं. पण हे घर मापाने चालणारं. इथे एकदा सांगितलेलं माप पुन्हा विचारायची पद्धत नव्हती. सांगितलं तसं कापायचं.

परदेशातून त्याने एकदा फोन केला होता. बापाने उचलला. दोघंही बोलले नाहीत. मागून काच कापायच्या चाकाचा आवाज आला, करकर, आणि मग कुणी फोन ठेवला ते कुणालाच नीट आठवत नाही. पुढे दुकानाचा नंबर बदलला, याचंही घर बदललं. आज करू, उद्या करू. अबोल्याचं असं असतं, पहिलं वर्ष जड जातं, मग तो अंगवळणी पडतो.

त्याला शोधून काढलं पुतणीने. थोरल्याची ही लेक जन्मायच्या आधीच काका गेलेला. तिने आडनावावरून कॉम्प्युटरवर शोधता शोधता एका लिफ्ट कंपनीचा फोटो हुडकला. निळ्या कपड्यातले दहाबारा कामगार, आणि त्यात एकाची हनुवटी अगदी भिंतीवरच्यासारखी वर. तिने घरात कुणाला सांगितलं नाही. सरळ फोन लावला.

"तुम्ही माझे काका का?" तिने विचारलं.

तो पायरीवर बसला. मग त्याने विचारलं, "आई आहे?"

"आहे."

"आणि बाबा?"

पलीकडे शांतता. बाप गेल्याचं त्याला असं कळलं. वर्षं उलटून गेली होती. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही या. बाकीचं इथे आल्यावर."

ते बाकीचं आता भिंतीवर टांगलेलं होतं.

"तू मला सांगितलं नाहीस," तो पुतणीला म्हणाला. ती त्याला गाडीवरून घेऊन आली होती आणि आता जिन्याच्या तोंडाशी नखं कुरतडत उभी होती.

"फोनवर कसं सांगणार, काका? तुम्ही गेलात म्हणून?"

आतून वहिनी आली. हात पदराला पुसत आली आणि पुसतच राहिली. तिने त्याला पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याला. मागे सरून ती खुर्चीला टेकली. "अगं बाई," एवढंच तिच्या तोंडून हळूच निघालं.

आणि खिडकीशी, उजेडात, ताटात तांदूळ निवडत आई बसली होती. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण डोळे अजून सुईत दोरा ओवणारे. तिने मान वर केली. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. हातातला खडा खिडकीतून बाहेर टाकला.

"या," ती म्हणाली. "बसा. लांबून आलात. सूनबाई, पाहुण्यांना पाणी दे."

लिफ्टची दोरी तुटताना त्याने एकदा ऐकली होती. लोकांना वाटतं मोठा आवाज होत असेल. तसं नसतं. एक बारीक टक्क होतं आणि मग सगळं खाली जातं. आईने त्याला 'या, बसा' म्हटलं तेव्हा तसंच झालं.

"आई, मी आहे," तो म्हणाला.

"हो, दिसताय ना. पाणी घ्या."

वहिनीने त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. ती जुनी माणूस, त्याला दीर म्हणून चिडवलेली, त्याच्या सदऱ्याची बटणं लावून दिलेली. तिने पदर डोळ्यांना लावला, मग सगळं सांगून टाकलं.

एक तप झालं तरी त्याचा पत्ता लागेना. बाप झोपेतून उठून बसायला लागला. म्हणायचा, पोर तिकडे कुठे मरून पडलं असेल, त्याला पाणी द्यायला कोण आहे. तहानलेला फिरत असेल. शेवटी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात सोय आहे. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा गवताचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा.

"माझा पुतळा?" धाकट्याने विचारलं.

"दर्भाचा. डोक्याच्या जागी नारळ." वहिनी भिंतीकडे बघत बोलत होती. "गुरुजी म्हणाले, हातभर केला तरी चालतो. बाबांनी ऐकलं नाही. दुकानाच्या दारावर तुम्हा दोघा भावांच्या उंचीच्या खुणा आहेत ना पेन्सिलीच्या? तुमच्या शेवटच्या खुणेला पोलादी टेप लावली, माप घेतलं, आणि तेवढा लांब करायला लावला. गुरुजींचं गवत पुरेना. परत आणायला गेले. बाबा म्हणाले, माझ्या मुलाचं माप चुकवू नका."

धाकटा खाटेच्या काठावर बसला.

"त्याच्या अंगावर घालायला तुमचा एखादा सदरा हवा होता. आईंनी दिला नाही. तुमच्या कपड्यांच्या ट्रंकेवर बसून राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला काय जाळायचं ते जाळा, सदरा मिळणार नाही. त्यांना वाटायचं तुम्ही आहात."

"मग आता?"

वहिनीने दार उघडलं. मग म्हणाली, "ते त्यांच्याकडूनच ऐका."

थोरला दुपारी आला. माल आणायला गेला होता, खांद्यावर पट्ट्यांचा भारा. धाकट्याला बघून भारा तसाच खांद्यावरून घसरला आणि सोनेरी, काळ्या, तपकिरी पट्ट्या जिन्यावरून खडखडत खालपर्यंत गेल्या. दोघा भावांनी वाकून त्या गोळा केल्या. दोघांनाही हे काम बरं पडलं.

"टक्कल पडलं तुला," धाकटा म्हणाला.

"तुला मेल्यावरसुद्धा केस शिल्लक आहेत," थोरला म्हणाला. आणि खाली मान घालून पट्ट्या रंगाप्रमाणे लावत बसला.

थोडा धीर आल्यावर मात्र त्याच्या जिभेला जुनी धार आली. "दरवर्षी गच्चीवर तुझं पान वाढतो आम्ही. बाबा गेल्यापासून दोन पानं. बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवतो. तुझं पान बघतो आणि कठड्यावर बसून राहतो. ताटकळत ठेवतो सगळ्यांना. लहानपणापासून तुझं असंच, वेळेवर कधी जेवायला आला नाहीस."

"मग काय करायचात?"

"दर्भाचा कावळा करून मीच शिवायचो पानाला. भूक लागायची रे."

धाकट्याला हसू आलं, आणि हसता हसता ते तोंडातच गोठलं. आपण तिकडे खड्ड्यात उतरून डबा खात होतो तेव्हा इथे आपल्या नावाचं पान मांडून ही माणसं उपाशी बसायची. आणि हे सगळं त्याच पंगतीसाठी, जिला आपण चार लोकांत हसलो होतो.

जेवणाची वेळ झाली. त्या घरात मुलांना आई वाढायची. पाठ वाकली, सून आली, नात मोठी झाली, तरी पहिला भात आईच्या हातचा. थोरला बसला, पुतणी बसली, धाकटा बसला. आईने थोरल्याला वाढलं, नातीला वाढलं. धाकट्याच्या ताटाशी आली आणि पळी तशीच भांड्यात ठेवली.

"सूनबाई, पाहुण्यांना तू वाढ."

"आई," धाकटा म्हणाला. "माझा पासपोर्ट आहे. त्याच्यावर नाव आहे, जन्मतारीख आहे. बघ हवं तर."

"कागद तुमचेच आहेत. बरोबरच असणार."

"मग मला वाढत का नाहीस?"

आई भांडं घेऊन तशीच उभी होती. ती रागावलेली नव्हती. तेच त्याला सोसेना. "माझा धाकटा होता," ती म्हणाली. "मी म्हणायची तो आहे. त्याच्या बापाशी भांडली, गुरुजींशी भांडली, सदरा दिला नाही. मग बाप गेला. दारात माणसं जमली. मी जिन्याकडे बघत बसली. म्हटलं, कुठे का असेना, बापासाठी येईल. उचलायची वेळ झाली तरी मी त्यांना थांबवून धरलं. नाही आला. तेव्हा मी समजली. तो असता तर आला असता." तिने भांडं खाली ठेवलं. "त्यानंतर दरवर्षी त्याचं पान मीच वाढते, गच्चीवरचं. आता तुम्हाला याच हाताने वाढलं तर ते कुणाला वाढलं? जिवंताला की गेलेल्याला? मला नाही समजत. मी शिकलेली नाही."

तो म्हणू शकला असता, मला कुणी कळवलंच नाही. पण कळवणार कुठे? पत्ता त्यानेच ठेवला नव्हता. वहिनीने वाढलेला भात त्याने गिळला.

जेवण झाल्यावर तो खाली दुकानात जाऊन बसला. सरस, भुसा आणि काचेचा तोच वास. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, एकावर एक, जशा पायऱ्या. त्याच्या शेवटच्या खुणेशी तो पाठ लावून उभा राहिला. पुतणीने हात आडवा धरून बघितलं. खूण त्याच्या डोक्याच्या वर राहिली. वाकून वाकून काम करून तो खुजा झाला होता. बापाने जाळला तो मुलगा याच्याहून उंच होता.

"काका, एक सांगू?" पुतणी म्हणाली. "माझ्या बाबांनी गुरुजींना फोन केलाय. असा माणूस परत आला तर त्याचंही शास्त्र आहे म्हणे."

"काय शास्त्र?"

"तुम्हाला परत जन्माला यावं लागेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

गुरुजी आले. म्हणजे ते जुने गुरुजी नव्हेत, त्यांचा मुलगा. तिशीतला, चष्मेवाला, स्कूटरवरून आलेला. त्याचा चेहरा फुललेला होता. "पोथीत आहे सगळं," तो म्हणाला. "पण मी कधी केलेलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही. परत कुणी येतच नाही हो. मूळ सांगितलंय ते तुपाच्या भांड्यात बसवा म्हणून, पण एवढं मोठं भांडं आणायचं कुठून? डोक्यावर वाटीभर घालू. मग आंघोळ. मग आईच्या मांडीवर. जातकर्म, नाव ठेवणं. पुढे मुंज, आणि लग्न झालेलं असेल तर त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"आणि नाही केलं तर?" धाकट्याने विचारलं.

गुरुजीने चष्मा पुसला. "मग तुम्ही आहात तसेच. मधेच."

"दोन मजल्यांच्या मधे अडकलेले," पुतणी म्हणाली. "दार उघडलं तर समोर भिंत."

धाकट्याने आयुष्यभर त्या दाराच्या बाहेर उभं राहून लोकांना धीर दिला होता. आत काय वाटतं ते त्याला आज कळलं.

तो गल्लीत गेला आणि तिथून त्याने बायकोला फोन लावला. मागे तिच्या धोबीखान्यातली यंत्रं घरघरत होती. त्याने सगळं सांगितलं, पुतळ्यापासून तुपापर्यंत.

"जन्माला यायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"सकाळची वेळ जाईल."

"मग ये की."

"माझा विश्वास नाही यावर. मी याच्यावरूनच तर घर सोडलं."

"तुझ्या विश्वासाचं कोण विचारतंय? तुझ्या आईचा तुझ्यावर विश्वास नाही, अडचण ती आहे." मग तिने विचारलं, "आणि आपलं लग्न? ते मोडलं का?"

"पुन्हा करावं लागेल म्हणे."

"मग मला पुन्हा विचार तू. मी विचार करून सांगेन." आणि तिने यंत्र बंद झालं म्हणून फोन ठेवला.

तो वर आला. आई खिडकीशी होती. तिच्या समोर जमिनीवर बसला. "मी करतो ते," म्हणाला. "पण तुला चालेल का ते सांग. तू नको म्हणालीस तर मी उद्या परत जातो, पुन्हा त्रास देणार नाही."

"तुमच्यावर बळजबरी नाही," आई म्हणाली.

"जन्माला येताना कुणाला कुणी विचारतं का, आई?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्हाला तरी कुठे विचारलं होतं, हे दोघे झाले तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सगळ्यांच्या आधी उठली, न्हायली, आणि धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसली. जमिनीवर मांडी घालून बसणं आता तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. जन्म खुर्चीवर द्यायचा ठरला.

धाकट्याच्या डोक्यावर तूप ओतलं. कानात गेलं, डोळ्यांत गेलं. गरम पाण्याने न्हाऊ घालून, न शिवलेलं पांढरं कापड गुंडाळून त्याला पाटावर बसवलं, पाय पोटाशी घेऊन. सदरा न काढणारा तो मुलगा आता उघड्या पाठीने बसला होता. पाठीवर पांढरे केस, खांद्यावर कधीतरी दोरी लागल्याचा जुना वण. थोरल्याने तोंड फिरवलं. हसू आलं म्हणून की कशाने, त्यालाच ठाऊक. गुरुजी मंत्र म्हणत होता आणि मधेमधे पोथीत बोट घालून खात्री करत होता. मग म्हणाला, "आता आईच्या मांडीवर."

तो गुडघ्यांवर चालत गेला आणि आईच्या मांडीवर त्याने डोकं टेकवलं. लुगड्याला साबणाचा वास होता. आईचे हात खुर्चीच्या हातांवर होते. तिने ते उचलले नाहीत.

"आता मधाचं बोट," गुरुजी म्हणाला. "मग थोरले भाऊ वडलांच्या जागी, ते कानात नाव सांगतील."

"थांबा," आई म्हणाली. "रडला नाही तो."

"रडण्याचं पोथीत सक्तीचं नाही, आजी."

"तुमच्या पोथीने बाळंतपण केलंय का कधी? मूल रडल्याशिवाय मी हातात घेत नाही."

सगळे थांबले. धाकट्याने प्रयत्न केला. रडू त्याला कालपासून चार वेळा आलं होतं आणि आता बोलावलं तर येत नव्हतं. पुतणी म्हणाली, "काका, आवाज तरी काढा." थोरला म्हणाला, "चिमटा काढू का?"

"पहिल्यांदाही रडला नव्हता," आई म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. "निळा पडला होता. सगळ्या म्हणाल्या, गेला. सुईण म्हणाली, जात कुठे नाही, नाटकं करतो."

आणि तिने हात उचलला आणि त्याच्या उघड्या पाठीत धपाटा घातला.

तो असातसा नव्हता. ऐंशी वर्षांच्या हातात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. गुरुजीचं बोट पोथीतून निसटलं. पुतणीने तोंडावर हात घेतला. पाठीवर पाच बोटं उमटली, लालबुंद, मोजून घ्यावीत अशी. त्या एका धपाट्यात गवताचा पुतळा होता, ट्रंकेवर बसून काढलेला दिवस होता, कठड्यावरचा तो हट्टी कावळा होता, आणि बापाला दारात थांबवून धरलेली ती वेळ तर होतीच.

"आई गं," धाकटा कळवळला. परक्या मुलखात हातोडी लागली, बोट चेपलं, तरी तो तिकडचं काहीतरी म्हणायचा. हे शब्द त्याच्या तोंडात कधी आले नव्हते. आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेना. साठीला टेकलेला माणूस आईच्या मांडीत तोंड खुपसून असा हंबरला की खाली दुकानाशी उभं असलेलं गिऱ्हाईक घाबरून जिना चढून वर आलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मुलगा," वहिनी म्हणाली.

आईने आता दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले होते. तूप अजून गेलं नव्हतं, बोटं घसरत होती. "लागलं का रे?" तिने विचारलं. "लागूदे. गधड्या, बापाला थांबवून ठेवलं होतं मी."

"मला माहीत नव्हतं, आई."

"माहीत नव्हतं म्हणे. गप."

थोरल्याने वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. काय सांगितलं ते बाहेर आलं नाही. पण धाकट्याचं रडणं मधेच थांबलं आणि त्याने भावाकडे चमकून पाहिलं. "हे तर बाबांचं नाव," तो म्हणाला.

"मग?" थोरला म्हणाला. "ती जागा रिकामीच आहे."

मग गुरुजीने पोथी मिटली आणि घसा खाकरला. "एक राहिलं," तो म्हणाला. "घरात जन्म झाला, म्हणजे आता सोयर आलं. दहा दिवस देवपूजा बंद. देवाला कुणी हात लावायचा नाही."

थोरला, ज्याने आजवर आपणहून एकही दिवस पूजा चुकवली नव्हती, देव्हाऱ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे याच्या पायी माझे देव दहा दिवस पारोसे?"

"मी काही केलं नाही," धाकटा म्हणाला. "मी आत्ता जन्मलो."

दुपारी पानं मांडली. आईने भांडं घेतलं आणि पहिला भात धाकट्याच्या ताटात वाढला. वाढताना चार शितं बाहेर पडली, ती तिने वेचून पुन्हा ताटात टाकली. "सावकाश खा," म्हणाली. "आणि नीट बस. पाठ बघ कशी करून घेतलीयेस." त्याने खाल्लं. पुन्हा वाढलं. पुन्हा खाल्लं. पोट भरल्यावरही नको म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

जेवण उरकताच थोरला स्टूलावर चढला. हार काढला, फोटो उतरवला. खालून सोनेरी पट्टी घेऊनच आला होता, तिरपे कोपरे कापून तयार. काळ्या पट्टीचे खिळे उपटायला त्याने पक्कड लावली. कोपऱ्याची सांध इतकी घट्ट की पक्कड शिरेना. बापाचं काम होतं ते.

"राहू दे," आई म्हणाली.

"अगं, जिवंत माणसाला काळी पट्टी?"

"लाव म्हणते ना परत. तो माझा धाकटा होता. उंच होता, उद्धट होता, बापाने त्याला मापाने पोचवला. त्याला त्याच्या बापाशेजारून हलवू नका." तिने हात पुसले आणि ताटाशी बसलेल्या, पाठ चोळणाऱ्या, साठीच्या त्या पोराकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सोनेरी पट्टी याला ठेवा. याचा नवा फोटो काढा. हा कालपरवाचा आहे, बघू कसा निघतो."